कारणाचा रकाना

मुस्तफा मुकादम यांच्याशी माझी ओळख भांडणातूनच झाली. १९९४ सालची गोष्ट. मी ओमानमधल्या इब्री गावात एसी मेकॅनिक होतो. आमच्या कंपनीकडे तिथल्या सरकारी कचेऱ्यांच्या देखभालीचं काम होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, बायको रेवा गुहागरला माझ्या आईवडिलांपाशी, आणि तिला इथे आणायचंच असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. फॅमिली व्हिसाच्या अर्जात हुद्द्यासमोर 'इंजिनियर' लिहिलं की काम फत्ते, असं कुणीतरी माझ्या कानात सोडलं. मग काय, मी थेट वालीच्या कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. वाली म्हणजे त्या भागाचा मुख्य सरकारी अधिकारी, आपल्याकडचा प्रांत म्हणा हवं तर.

दुकानात टेबलामागे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. दापोलीचे मुकादम ते हेच, हे मला आधीच कळलं होतं. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा सदरा, टक्कल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. समोर अरबी टाइपरायटर. त्यांनी माझा पासपोर्ट उलटापालटा केला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तू इंजिनियर?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"तसंच काहीसं अरबीत टाइप होत नाय."

मी चिडलो. म्हटलं, तुम्ही दापोलीचे, मी गुहागरचा, एका जिल्ह्यातली माणसं आपण, एवढंही करणार नाही का? ते म्हणाले, "एका जिल्ह्यातला म्हणून समजावतोय. दुसरा कुणी असता तर एव्हाना बाहेर असता." पासपोर्ट माझ्या हातात देऊन त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. मी बाहेर येऊन त्यांना कोकणातल्या सगळ्या शिव्या दिल्या, अर्थात मनात.

पुढे मात्र त्यांच्या दुकानातच माझा वेळ जाऊ लागला. एक तर समोरच्या कचेरीत माझं काम असायचं, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडचा चहा चांगला असायचा. इब्रीतले शिंपी, न्हावी, बेकरीवाले, खजुराच्या बागेत राबणारे बंगाली, सगळ्यांचे सरकारी कागद मुस्तफाभाईंच्या टेबलावरून जायचे. ते दापोलीच्या मदरशात अरबी शिकले होते. १९७५ साली ओमानला आले, काही वर्षं मस्कतजवळच्या मत्राहच्या बाजारात काढली आणि मग इब्रीत टेबल टाकलं. दुकानाचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता तो ओमानी मालक, भला माणूस होता. तो आठवड्यातून एकदा येऊन कॉफी पिऊन जायचा.

अर्ज टाइप झाला की मुस्तफाभाई तो गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा किंवा सही घ्यायचे. वाचताना खोटं निघालं की कागद तिथल्या तिथे फाडायचे. एकदा एक शिंपी आला, वडील वारले, तातडीची रजा पाहिजे, असा अर्ज लिहा म्हणाला. मुस्तफाभाईंनी मान वर न करता विचारलं, "कितव्यांदा? मागच्या वर्षी पण ह्याच महिन्यात वारलेले." शिंप्याने काढता पाय घेतला. मी हसून हसून बेजार.

नियम त्यांना तोंडपाठ होते. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, कुणाची सही आधी, कुणाची नंतर, कुठला अर्ज परत येणार, सगळं ठाऊक. कचेरीतले ओमानी कारकूनसुद्धा अडलं की रस्ता ओलांडून त्यांच्याकडे यायचे. एवढा माणूस, पण स्वतःसाठी त्यांनी कधी एक अर्ज केला नव्हता. बायको साबेरा दापोलीजवळच्या गावी. दर दोन वर्षांनी ते दोन महिन्यांची रजा घेऊन जायचे आणि परत यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "आईकडे कोण बघणार?" त्यांची आई अमीरुन्निसा अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिचं सगळं साबेराभाभी करायच्या.

शहाण्णव साली आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मुलीचं, समरीनचं, लग्न झालं आणि ती श्रीवर्धनला नांदायला गेली. घरात साबेराभाभी एकट्या उरल्या. जुलै महिन्यात मुस्तफाभाईंनी मला भाभींचं पत्र वाचून दाखवलं, तेही एकच ओळ. 'तुमी ऱ्हाता ती जागा मना एकदा बघायची हाय.' बाकीचं पत्र त्यांनी घडी करून खिशात घातलं.

"मग बोलवा की," मी म्हणालो. "तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा. तुम्ही तर झोपेत टाइप कराल."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. अर्बाबने आनंदाने सही दिली. इमिग्रेशनच्या खिडकीवरून चार दिवसांत अर्ज परत आला. सगळं बिनचूक होतं, फक्त 'बोलावण्याचं कारण' हा रकाना कोरा होता. खिडकीवरचा कारकून, यासिर, त्यांना चाचा म्हणायचा. तो स्वतः दुकानात आला. "चाचा, विसरलात वाटतं. आजारपण लिहा, मी पुढे पाठवतो."

"कोण आजारी हाय?" मुस्तफाभाईंनी विचारलं. "मी धडधाकट, ती धडधाकट."

"मग कुटुंबातलं लग्न लिहा."

"लग्न मे महिन्यात झालं, माझ्याशिवायच."

यासिरने कपाळाला हात लावला. रकाना रिकामा चालत नाही म्हणाला, आणि हे खरंच होतं. मुस्तफाभाईंनीच शेकडो लोकांना ते ऐकवलं होतं. माझं मात्र टाळकं सटकलं. मी म्हटलं, लोकांचे बाप दर वर्षी मरतात आणि तुम्हाला साधा गुडघेदुखीचा एक शब्द लिहवत नाही? नाहीतरी यंदा रजा आहेच तुमची, जाऊन या गावी आणि मिटवा विषय.

ते बराच वेळ टाइपरायटरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, "प्रशांत, गावी मी पाव्हणा असतो रे. पहिल्या दिवशी कोंबडी कापतात, शेवटच्या दिवशी रडतात. मधले दिवस लोक भेटायला येतात. ती सैपाकघरात, मी ओटीवर. तिनं मला कधी कामावरून घरी येताना बघितलेलं नाय." मला माझीच लाज वाटली.

शेवटी यासिरनेच मार्ग सुचवला. वालीच्या कचेरीत रोज सकाळी बरझा भरायचा. मोठं दालन, भिंतीला लागून गाद्या, मध्ये वाली नाहीतर त्यांचे नायब, कॉफीची किटली फिरतेय, खजुराचं ताट फिरतंय. ज्याला जे गाऱ्हाणं असेल त्याने आत यावं, सलाम करावा, बसावं आणि आपली पाळी आली की तोंडाने सांगावं. विहिरीचा तंटा असो, बकऱ्यांचा असो, नाहीतर कागदाच्या चौकटीत न बसणारं काही. त्या दालनात जाणाऱ्यांचे कागद मुस्तफाभाईंनी पंधरा वर्षं लिहिले होते, पण ते स्वतः कधी आत गेले नव्हते.

ते गेले त्या सकाळी मी तिथेच होतो, दालनातल्या एसीच्या जाळ्या धुवायला. खरं तर जाळ्या पुढच्या आठवड्यात धुवायच्या होत्या. मी मुद्दाम त्या दिवशी स्टूल लावलं.

नायब पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. मुस्तफाभाईंना बघून हसले. "आज कुणाचा कागद आणलास?"

"माझा," ते म्हणाले आणि अर्ज पुढे केला.

नायबांनी तो वाचला. "सगळं ठीक आहे. कारण का लिहिलं नाहीस?"

"शेख, खिडकीवर जी कारणं चालतात त्यातलं माझं एकही नाय. आजार नाय, बाळंतपण नाय, लग्न नाय. खोटं मी लोकांना लिहू देत नाय, तर माझं कसं लिहू?"

"मग तिला बोलावतोस कशाला? ते सांग."

हजारो माणसांची गाऱ्हाणी नेटक्या अरबीत मांडणारा माणूस, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. कान लाल झाले. मी स्टुलावर जाळी धरून उभा, पाणी टपटप माझ्याच बुटावर गळत होतं आणि मनात म्हणत होतो, बोला हो, मुस्तफाभाई, एकदा तरी बोला.

त्यांनी खिशातून रबर बँड लावलेले जुने-नवे पासपोर्ट काढले आणि नायबांसमोर ठेवले. "पंच्याहत्तर साली लग्न झालं, दोन महिन्यांनी मी इकडे आलो. त्यानंतर दहा वेळा घरी गेलो, दर वेळी दोन महिने. शिक्के हायत सगळ्यात. बावीस वर्षांचा संसार, पण एकत्र राहिलो ते बावीस महिने." त्यांनी पासपोर्ट नायबांकडे सरकवले. "मला तिच्याबरोबर राहायचंय. रकान्यात हे लिहिता येत नाय, म्हणून कोरा ठेवला."

नायबांनी एकेक पान उलटत शिक्के पाहिले, घाई न करता. शेजारच्या गादीवर वाळवंटातला एक म्हातारा बदू आपल्या विहिरीचं भांडण घेऊन बसला होता. त्याने काठी जमिनीवर आपटली आणि ओरडला, "आधी ह्याचं करा! माझी विहीर कुठे पळून जात नाही!" सगळे हसले. मुस्तफाभाईसुद्धा हसले आणि हसता हसताच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

नायबांनी हिरव्या शाईचं पेन काढलं, अर्ज मांडीवर घेतला आणि कोऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं. नंतर यासिरने मला ते वाचून दाखवलं. 'ती त्याची बायको आहे. एवढं कारण पुरेसं आहे.' खाली सही आणि शिक्का. बारा दिवसांत व्हिसा हातात आला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही कंपनीच्या पिकअपने मस्कतला सीबच्या विमानतळावर गेलो. साबेराभाभी बाहेर आल्या त्या आमसुलं, सुके बोंबील आणि फणसाच्या पोळीचा खोका सांभाळत. मुस्तफाभाईंनी गडबडीत सलाम माझ्याकडे बघून केला. भाभी हसल्या, म्हणाल्या, "मी हय हाय, अवो."

बेकरीच्या मागे त्यांनी एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं होतं. इब्रीला पोचल्यावर भाभींनी आधी भांडी घासली, मग शेजारी चौकशी केली, आणि आठवड्याभरात खैरुन्निसा नावाच्या सुदानी मास्तरणीशी खाणाखुणांनी मैत्री जमवली. दुपारी एकला मुस्तफाभाई दुकान बंद करून घरी निघाले की त्या दारात उभ्या राहायच्या. ते गल्लीच्या तोंडापासून दिसायचे, आणि त्या ते पोचेपर्यंत नुसत्या बघत राहायच्या. मी एकदा चेष्टा केली, "भाभी, रोज तेच टक्कल, काय बघता एवढं?" त्या म्हणाल्या, "कामावरून येताना बघतंय. गावात कवा बघितलं नाय." मुस्तफाभाईंच्या सदऱ्याची इस्त्री जरा ढिली झाली होती, अंगही भरलं होतं. गिऱ्हाइकांवर ओरडणं कमी झालं होतं. पण खोटा कागद फाडायचे ते फाडायचेच.

डिसेंबर उजाडला. एका शुक्रवारी मी सोहारच्या किनाऱ्यावरून आलेली सुरमई घेऊन सकाळीच त्यांच्याकडे गेलो. भाभींनी कालवण करायचं कबूल केलं होतं. दार उघडं होतं. खोलीच्या मध्यभागी मुस्तफाभाईंची मोठी बॅग उघडी पडली होती. भाभी जमिनीवर बसून त्यात कपडे भरत होत्या. त्यांचे स्वतःचे नव्हेत, मुस्तफाभाईंचे. सदरे घडी घालून, मोजे आत खोचून, वरती एका फडक्यात बांधलेली फणसाची पोळी. व्हिसाचा अजून महिना बाकी होता, त्यामुळे मला काही कळेना.

एवढ्यात मुस्तफाभाई मागून रोट्या घेऊन आले आणि दारातच थबकले. "हे काय? कोण चाललंय?"

भाभींनी वर पाहिलं. हातात सदरा तसाच. मग बॅगेकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मना म्हायत नाय," त्या म्हणाल्या. "फजरच्या नमाजाला उठलंय नि हात आपसूक चालाया लागले. आज साठ दिस झाले ना."

मुस्तफाभाईंनी रोट्या माझ्या हातात दिल्या. ते खाली बसले, बॅगेतून एकेक सदरा काढून परत कपाटात ठेवू लागले. "साबेरा, आज कुणी जात नाय."

"म्हायत हाय," भाभी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पन एकसष्टाव्या दिसाला काय करतात, ता मना म्हायत नाय. मी कवा बघितलेलाच नाय तो."