माधुरीच्या पेट्यांना कंठ फुटला

घाटकोपरला विहाराशेजारी अभ्यासिका आहे. तिथली माधुरी दिवसभर मुलुंडच्या हपिसात कॉम्प्युटर सांभाळते आणि संध्याकाळी अभ्यासिकेतले, फुकट. सासू म्हणते, "लोकांच्या सुना घरी येऊन कुकर लावतात, आमची वायरी लावते." पण शेजारणीपुढे तीच सासू सुनेचं कौतुक मिरवते, हे माधुरीला पक्कं ठाऊक आहे.

अभ्यासिकेत टेबलांवर कॉम्प्युटरचे पडदे आहेत, आणि प्रत्येक पडद्यापाशी पुस्तकाएवढी एक पेटी. पेटीला स्वतःची अक्कल नाही. जयंतीच्या जेवणाला भात एका टोपात शिजतो आणि पानं सगळीकडे मांडतात ना, तसं ते. टोप म्हणजे आतल्या खोलीतलं लिनक्सवर चालणारं मोठं यंत्र, आणि पेट्या म्हणजे नुसती पानं. आवाज कुठल्याच पेटीत नव्हता. कोणाला हवा होता? अभ्यासिकेत जेवढी शांतता तेवढी बरी.

मग शिवदासकाकांची नजर गेली. काका कचेरीतून निवृत्त झालेले टायपिस्ट. बुद्धजयंतीची स्मरणिका दरवर्षी तेच टाइप करायचे. साखरेनं डोळे नेले. कुठलं अक्षर कुठं हे बोटांना पाठ, पण पडद्यावर काय उमटलं ते कळणार कसं? कमिटीचा चिटणीस प्रीतम हळूच म्हणाला, "काका, यंदा दुकानात देऊ या का टाइप करायला? तुम्हाला त्रास नको." काका बरं म्हणाले आणि घरी येऊन जेवलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईनं, हे माधुरीच्या कानावर घातलं.

माधुरी प्रीतमला म्हणाली, "शनिवारपर्यंत थांब. काका टाइप करतील, पेटी वाचून दाखवेल."

"पेटी मुकी आहे गं!"

"मग बोलती करते."

वाचून दाखवणारा प्रोग्राम तिनं मोठ्या यंत्रात घातला. तो बोललाही, पण आतल्या खोलीत! काका बाहेर टाइप करतायत आणि बंद दाराआड कोणी बाई एकटीच बाराखडी म्हणतेय. भात टोपातच, पान कोरडं. मग माधुरीनं रोज कामावरून येऊन खटपट केली आणि पडद्यावरचं चित्र येतं त्याच वायरीतून आवाजही पेटीपर्यंत आणला.

शनिवारी प्रीतम स्मरणिकेच्या लेखांची पिशवी घेऊन आला. जमलं नाही तर तसाच दुकानात जाणार होता. काकांनी हेडफोन लावला, 'क' दाबला. पेटी गप्प. पुन्हा दाबला. तोच कोपऱ्यातली अक्षता, नर्सिंगच्या परीक्षेचा धडा पेटीला हेडफोन लावून ऐकत बसलेली, ताडकन उठली.

"माझ्या कानात कोण क-क करतंय यार?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. हेडफोन उतरवत म्हणाले, "राहू दे पोरी."

माधुरीचं मात्र लक्ष अक्षताकडे. ती सगळ्यांच्या शेवटी येऊन बसलेली. आणि माधुरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अभ्यासिका उघडली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, इथं कोणी लहान नाही, मोठा नाही, कोणाची राखीव खुर्ची नाही. म्हणून सगळ्या पेट्यांवर एकाच नावानं लॉगिन करायचं. यंत्र बिचारं काय करणार? सगळ्यांचं नाव एक, म्हणून जो शेवटी बसला त्याच्याच पानात वाढत होतं!

"मग आता, राखीव जागा?" प्रीतमनं कपाळाला आठ्या घातल्या.

"पंगत एकच रे. फक्त वाढप्याला पानं ओळखता आली पाहिजेत."

तिनं एकेका पेटीला एकेका झाडाचं नाव दिलं. काकांच्या वाट्याला पिंपळ आला. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. काकांनी भीत भीत 'क' दाबला. थांबले. मान किंचित तिरकी झाली. मग 'म', मग 'ल', आणि मग बोटं अशी सुटली की बाजूची पोरं अभ्यास टाकून बघत राहिली.

माधुरीनं हेडफोनची वायर उपसली. आवाज खोलीभर झाला. पेटी ठणठणीत म्हणाली, "सुंदरा, चहा ठेव. आज उशीर होईल."

"बघा! डोळे गेले, हुकूम सोडायची खोड गेली नाही," काकांच्या मागोमाग येऊन दारात उभी असलेली सुंदराबाई कडाडली. पण चहा ठेवायला काही गेली नाही. खुर्ची ओढून तिथंच बसली, पेटी अजून काय बोलते ते ऐकायला.

प्रीतमनं पिशवी टेबलावर उपडी केली आणि वरचा कागद उचलला.

"चला काका, मी वाचतो, तुम्ही घ्या."

"सावकाश वाच," काका म्हणाले, "आणि काना-मात्रा खाऊ नकोस. आता मला ऐकू येतं."