घरचा सूर

माझी भाची स्वतः गाणी रचते आणि गाते. पहिल्या कार्यक्रमापासून तिचा थोरला भाऊ शेजारी व्हायोलिन घेऊन उभा असे. त्याने मान हलवल्याशिवाय ती गाणं सुरू करत नसे. यंदा तिने सिंथेसायझर आणला आणि भावाने तिच्याशी बोलणंच टाकलं.

परवाच्या कार्यक्रमाला तो आला, पण माझ्या शेजारी प्रेक्षकांत बसला. पहिलं नवं गाणं संपताच स्टँडवरच्या त्या लांबट यंत्राकडे बघून मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, इस्त्री मग करा, आधी जुनं गाणं म्हणा!" काही जण उठून गेले. तिने हट्टाने जुनंच गाणं यंत्रावर धरलं आणि वरच्या स्वराला तिचा आवाज चिरकला. हशा पिकला.

भाऊ ताडकन उठला. हाही चालला, असं वाटून मी त्याची बाही धरली.

"सोड, मावशी."

तो थेट मंचावर गेला. तिच्या माइकमधून त्याचा आवाज आला.

"आपली घरची हार्मोनियम अर्धा सूर उतरलेली आहे, शहाणे. आपण तिच्यावरच वाढलो. हा डबाही तेवढाच खाली उतरव."

तिने बटण फिरवलं. तो कान देऊन ऐकत राहिला.

"अजून. हं, बस."

या वेळी वरचा स्वर सहज लागला. टाळ्या मात्र अर्ध्याच सभागृहाने वाजवल्या.

भाऊ परत येऊन बसला. पुढच्या गाण्याआधी तिची नजर अंधारात त्याला शोधू लागली.

"डबा तो डबाच," तो पुटपुटला आणि त्याने मान हलवली.