स्वच्छ थुंकी

आमच्या ट्यूटर सिस्टरना ‘बेडका’ हा शब्द अजिबात खपत नसे. कुणी तो उच्चारला की त्या नाकाला रुमाल लावत, जणू शब्दातूनच जंतू उडतात. “शिकलेल्या नर्सने थुंकी म्हणायचं,” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तपासणीच्या नमुन्याच्या डबीवरच्या चिठ्ठीत थुंकी, परीक्षेत थुंकी, रोग्याशी बोलतानाही थुंकी. बाकी त्या शिकवायच्या उत्तम. क्षयाच्या वॉर्डात खिडक्या का उघड्या ठेवायच्या, रोगी खोकत असताना समोर न थांबता बाजूला कसं थांबायचं, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या एका शब्दाने घात केला आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी नगरला नर्सिंग शिकत होते. दुष्काळाची वर्षं होती. तिसगावच्या पुढच्या एका खेड्यातून एक सासू सुनेला घेऊन एसटीने आली. सून माझ्याच वयाची. खांद्याची हाडं चोळीवर उठून दिसत होती. संध्याकाळ झाली की ताप, अंथरूण घामाने ओलं आणि कित्येक महिन्यांचा खोकला. घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तशी तीही जात होती. सासू काही कजाग नव्हती. फडक्यातली भाकरी मोडून तिने पहिला तुकडा सुनेच्याच हातावर ठेवला. पण तिला एक गोष्ट पक्की कळायला हवी होती.

“शिष्टरबाई, हिला खरंच दुखनं हाय, का आंग चोरतीय? येकदा काय ते सांगा.”

एक्स-रेची फिल्म संपली होती. ती कधी येईल हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त थुंकीच्या तपासणीवर. जंतू सापडले तर खाट, रोजची स्ट्रेप्टोमायसिनची सुई आणि गोळ्या. नाही सापडले तर खोकल्याच्या औषधाची बाटली आणि परत खडीवर.

सुनेच्या हातात डबी देऊन सांगण्यात आलं, “ह्यात थुंकी द्या.” तिने भिंतीकडे तोंड केलं आणि जिभेच्या टोकावरची थुंकी डबीत अलगद सोडली. पाण्यासारखी, वर थोडा फेस. थुंक म्हटलं, थुंकली. तिचं काय चुकलं? आमच्याकडे सासवा मिश्री लावून अंगणाचे कोपरे रंगवतात, ते चालतं. सुनेने मात्र मोठ्यांदेखत घसा खाकरायचा नाही. छातीतून काही आलंच तर तोंडाला पदर लावायचा आणि गिळून टाकायचं. मीही त्याच भागातली. मला लग्नाआधीच आईने हे वळण लावून ठेवलं होतं.

तपासणीत काही निघालं नाही. निघणार कुठून? रोग होता छातीत आणि आम्ही तपासत होतो तिचं तोंड.

मी ट्यूटर सिस्टरना गाठलं. म्हटलं, “सिस्टर, ही नुसती थुंकी आहे. हिचा बेडका तपासायला हवा.” त्यांनी डबीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. भर वॉर्डात मला झापलं की, इतके महिने शिकूनही तुझी गावंढळ भाषा जात नाही. मी पुन्हा सांगू लागले तेव्हा मला वॉर्डातल्या चादरी-अभ्रे मोजायला पिटाळलं. दुसरी डबीही तशीच पाण्यासारखी गेली आणि तिचाही रिपोर्ट कोरा आला.

मग मीच सुनेला इमारतीच्या मागे नेलं. सासू पुढच्या व्हरांड्यात बसली होती. मागे कुणी नव्हतं. मी सरळ गावच्या भाषेत सांगितलं, “अगं, थुकू नको. लांब श्वास घे, पोटातून खोक, घट्ट बेडका काढ. लाजू नको, मी पाठ फिरवते.” ती किंचित हसली. मग कंबरेत वाकून खोकायला लागली. छातीतून घरघर वर आली. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात कोपऱ्यावरून पागोटं दिसलं. दोघींना न्यायला गावाहून आलेला सासरा, एसटी चुकेल म्हणून तिला शोधत आला होता.

तिने झटक्यात डोक्यावर पदर ओढला, तोंड मिटलं आणि गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, ती मी पाहिली. तिचा जीव वाचवणारी एकमेव वस्तू तिने माझ्या डोळ्यांदेखत परत पोटात घातली. मी सासऱ्याला म्हटलं, “बाबा, आजचा दिवस थांबा.” ते म्हणाले, “डागदरानं सोडलंय की. साधा खोकला हाय म्हनले.” खरंच तसंच म्हणाले होते. मी कोण? पट्टीची टोपी घातलेली एक विद्यार्थिनी.

उन्हाळा संपता संपता सासू परत आली, या खेपेला स्वतः रोगी होऊन. तिला डबी दिली. तिने खणखणीत खाकरून ती भरली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “आनखी पायजे का?” रिपोर्ट लगेच आला. खाट मिळाली, सुया सुरू झाल्या. सून कुठे आहे हे विचारायचा मला धीर होत नव्हता. शेवटी तिनेच सांगितलं. खडीवरच रक्ताची उलटी झाली, घरी आणेपर्यंत संपलं.

सुई देण्यासाठी मी रोज तिच्या खाटेपाशी जायचे. मनात इतका संताप असायचा की हात हलका ठेवणं जड जायचं. एका सकाळी तिने माझं मनगट धरलं.

“बाई, तिलाबी ह्योच रोग हुता का?”

“हो, मावशी. हाच होता.”

“पर कागुद तर न्हाई म्हनला हुता.”

“कागद चुकला.”

तिने माझं मनगट सोडलं. म्हणाली, “मी तिला हाताला धरून खडीवर न्हेलं. म्हनलं, दवाखान्यानं सांगितलंय, तुला काय बी झालं न्हाई, ऊठ.”

मी सिरिंज भरली आणि तिला कुशीवर वळायला सांगितलं. ती वळेना. दुसऱ्या दिवशीही वळली नाही. डॉक्टर ओरडले, ट्यूटर सिस्टरनी जंतूंचं, घरातल्या नातवंडांचं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तिला न्हाई दिली ना? मंग मलाबी नगं.”