खांबाला लागलेली पेनल्टी

क्लच हळू सोडा म्हटलं की निम्मे लोक तो झटक्यात सोडतात, हे गाडी शिकवणाऱ्या गोलीकाकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की गाडी बंद पडली तरी ते निवांत खिडकीबाहेर बघत बसत. त्या दिवशी मात्र गाडी भर चौकात बंद पडली ती वेगळ्याच कारणानं. शिकायला आलेल्या बँकेतल्या बाई एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"अहो, फायनलची ती पेनल्टी अडवणारे तुम्हीच ना? खांदा निखळलेला असताना, डाव्या हातानं?"

"कुणाचा खांदा?" काकांनी विचारलं.

मागच्या टेम्पोनं हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला.

तरुणपणी काका गावातल्या फुटबॉल क्लबचे गोलकीपर होते, म्हणून आधी नुसते गोली आणि केस पिकल्यावर गोलीकाका. क्लबनं जन्मात एकच करंडक जिंकला होता. फायनलची शेवटची पेनल्टी खांबाला आपटून बाहेर गेली आणि जिंकलो, एवढीच काकांची हकीकत. कुणी कौतुक केलंच तर म्हणायचे, "खांबाला हार घाला, मी नुसता आडवा झालो होतो." क्लब एवढासा, सामन्याचं चित्रण कोण करणार? होतं ते बघणाऱ्यांच्या डोळ्यांत.

घरी आल्यावर लेकीनं फोनवर शोधलं, तर क्रीडाबातम्यांच्या एकामागून एक वेबसाइटवर काकाच काका. एका ठिकाणी खांदा निखळला होता. दुसऱ्या ठिकाणी त्याच सकाळी वडील वारले होते. प्रत्यक्षात वडील पुढे नातवंडं खेळवून, सगळ्यांशी यथेच्छ भांडून मग गेले.

"बाबा, इतक्या जणांनी लिहिलंय."

"इतक्या जणांनी, की एकानंच इतक्या ठिकाणी?"

बायको आतून म्हणाली, "तुम्हीच विसरला असाल. चष्मा कपाळावर ठेवून घर पालथं घालणारी माणसं तुम्ही!"

काकांनी संघातल्या जुन्या मित्राला फोन लावला. तो बचावफळीत त्यांच्यासमोर खेळायचा. "अडवलीस की रे तू! माझ्या डोळ्यांदेखत!"

"बघितलंस, की वाचलंस?"

मग मित्र पडेल आवाजात म्हणाला, "आता तू असं विचारल्यावर माझंच मला कळेना झालंय."

शेवटी लेकीनं त्यातल्या सगळ्यात मोठ्या वेबसाइटला कळवलं, की चेंडू खांबाला लागला होता, वडील स्वतः सांगतायत. उत्तर आलं नाही. बातमी आली. 'ती पेनल्टी अडवलीच नव्हती! गोलकीपरची रडत रडत कबुली.' काका रडले नव्हते. कुणाशी बोललेही नव्हते. पण किराणा दुकानदारानं पिशवी हातात देताना आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका, काका. चुकतो माणूस."

"अहो, पण मी कधी म्हटलं होतं की..."

"तेच म्हणतोय मी. आता सांगून टाकलंत ना, झालं तर."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. काकांना रात्रंदिवस तेच. सरळ रस्त्यावर ते शिकणाऱ्याला वळायला सांगू लागले.

मग लेकीला सगळ्यात जुना मजकूर सापडला. क्लबची एक चाहती हौसेनं सामन्यांबद्दल लिहायची, तिच्या पानावरचा. या बाईंचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. काका थेट तिथं धडकले. बाई काच कापत होत्या. त्यांनी मान वर केली, ओळखलं आणि हातातलं कटर खाली ठेवलं.

"खांदा मी नाही लिहिला," त्या आधीच म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनाही मी नाही मारलं. मी एवढंच लिहिलं, की तुमचं बोट लागलं म्हणून चेंडू खांबावर गेला. बाकीचा मसाला त्यांचा. माझाच मजकूर उचलला आणि आता लोक मलाच सुनावतात, खांद्याचं कसं सुटलं तुमच्याकडून, जरा अभ्यास करून लिहा म्हणून!"

"पण बोट लागलं नव्हतं हो."

"मी गोलच्या मागेच होते. कठड्याला लटकून. चेंडू आत येत होता आणि जरासा वळला."

"मला काही जाणवलं नाही."

"एवढ्या जाड हातमोज्यांत जाणवलं असतं?"

काकांनी डावा हात उघडून बघितला, मिटला, परत उघडला. त्यांना कुणी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

"तुम्ही तेव्हा केवढ्या होता?"

"शाळेत होते." बाईंनी टेबलावरचा काचेचा चुरा झटकला. "माझीही नजर चुकली असेल. तुम्ही म्हणाल तसं बदलते. सांगा, काय लिहू?"

इतके दिवस काकांना हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर दोन्हीकडून अडचण. लागलं नाही म्हणावं, तर खात्री कुठून आणायची? लागलं म्हणावं, तर इतकी वर्षं जगाला सांगितलं त्याचं काय? गिऱ्हाईक आलं, आपली फ्रेम घेऊन गेलं, तरी दोघं तसेच उभे.

अखेर बाईंनी लिहिलं, 'चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. गोलकीपर म्हणतात, हात लागला नाही. मला वाटतं, लागला. आम्ही दोघंही तिथे होतो.'

हे मात्र कुणीही उचललं नाही. मोठ्या वेबसाइटवर पराक्रम आणि कबुली, दोन्ही बातम्या एकाखाली एक गुण्यागोविंदानं नांदतायत. काका त्या अधूनमधून वाचतात, आणि पंचाईत अशी की जी वाचावी ती त्या वेळेपुरती खरी वाटते. परवा तर चहा पिता पिता ते बायकोला म्हणाले, "आज मला बोटाला काहीतरी लागल्यासारखं आठवतंय."

"तेव्हाचं, की दुकानातून आल्यापासूनचं?" तिनं विचारलं.

काकांनी पुष्कळ विचार केला. "तेच तर कळत नाहीये," ते म्हणाले.