चेटकिणीचं दुसरं ताट

बोईसरच्या आमच्या कॉलनीत एक मासेवाली यायची. रविवारी टीव्हीवर जादूची मालिका लागली की पाटी बाहेर ठेवून ती उंबरठ्यावर टेकायची. आत बोलावलं तर म्हणायची, "नको बाय, माशाचा वास लागंल घराला."

मालिका दुसऱ्यांदा दाखवत होते. राजपुत्र, उडता घोडा, सगळं पाठ झालेलं. मुलं खेळायला पळायची आणि आम्ही दोघीच बघत बसायचो. तिचं लक्ष मात्र दुष्ट चेटकिणीवर असायचं. एकदा ती म्हणाली, "नीट बघ बाय. ही दोन ताटं वाडते, न् जेवते एकलीच."

खरंच की! चेटकिणीसमोर दुसरं भरलेलं ताट होतं. पहिल्या वेळी आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं.

"कुणासाठी असेल हो?"

"कोनासाटी नाय. हाताला सवय आसते."

शेवटच्या भागात राजपुत्राने चेटकिणीला मारलं आणि लग्नाची सनई सुरू झाली. मासेवाली उठली, न विचारता आत आली आणि तिने टीव्ही बंद केला. मी विचारलं,

"मावशी, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

ती पुन्हा बाहेर गेली. पाटी डोक्यावर चढवत म्हणाली, "मी हाय ना."