हुक्केवाला मामा म्हणतात त्याला

लाखोरीची डाळ पाखडत ओट्यावर बसले होते, तेव्हा कुंदाचा फोन आला. कुंदा म्हणजे माझी भावजय. "बाई, हे उठून नाही राहिले वं…" एवढंच बोलली आणि पुढं नुसता हुंदका. सूप माझ्या हातात तसंच राहिलं. मनोहर, माझा पाठचा भाऊ, गेला होता. शेजारची सून धावत आली. "कोन गेलं, काकू?" मी म्हटलं, मनोहर. तिला उमगेना. मग एकदम म्हणाली, "हुक्केवाला मामा का?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो. आमच्या पवनीत अर्ध्या लोकांना त्याचं खरं नाव माहीतच नाही. पण खरं सांगू का, भाऊ गेल्याचं दुःख नंतर आलं, आधी लाज आली… मान खालीच गेली. माणूस मेल्यावर त्याचं नाव तरी नीट राहावं की नाही? बसायला येणारे अजून तोच किस्सा सांगतात, आणि मी त्यांना चहा देते, थोडी हसतेसुद्धा. म्हणून म्हटलं, हा किस्सा एकदा पुरता लिहून काढावा.

आमचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात नवं गावठाण मिळालं. धरणाचे पैसे आले तसे कोणी स्लॅब टाकला, कोणी ट्रॅक्टर घेतला. आमच्या मनोहरनं नागपूरहून एक जुनी कॉन्टेसा गाडी ओढून आणली. लांब नाक, रुंद छाती, आणि आवाज असा की कोंबड्या छपरावर चढायच्या. सगळं गाव हसलं. मी रागावले, "पैसा असा जाळतेत का रे?" तर म्हणे, "बाई, तुह्या लग्नात तुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाठवलं. मी लहान होतो, धूर खात मागं पळत होतो. पल्लवीले मी असं नाही पाठवणार." पल्लवी माझी मुलगी, तेव्हा शाळेत होती. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी मामाच्या हाताला मान असतो, तर याला वाटे, मामाच्या गाडीलाही असावा.

तेव्हापासून मी माहेरी गेले की चहा मिळायच्या आधी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचा. "बाई, थोडी रेस दे… सोड… आता ऐक." गाडी धावताना वाघीण, पण उभी राहिली की धाप लागल्यासारखी करायची. त्याला तो स्लो म्हणायचा. गाडी जागेवर उभी असताना इंजिननं हळूहळू, एका तालात चालत राहावं, तो स्लो. तो काही जमेना. इंजिनात एक थाळीसारखी डबी असते, तिच्यात रबरी पडदा. कार्बोरेटरकडून एक बारीक नळी त्या डबीला येते आणि इंजिनच्या ओढीनं पडदा खेचते, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते. नळीतून हवा चोरून आत शिरली की सगळा ताल बिघडतो. ते तपासायची त्याची रीत म्हणजे नळीचं टोक तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि जीभ लावून थांबायचं. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. मी म्हणायची, "शी! तोंडात काय घालतं?" तो बोलू शकत नसे, नुसते डोळे मिचकावायचा.

पल्लवीच्या लग्नाच्या आधी त्यानं गाडी घासून पुसून आरसा केली. जुनी काळी नळी तडकलेली होती. भंडाऱ्याला जाऊन नवी आणायला वेळ नव्हता, आणि घरात फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी नवी कोरी पडली होती. मापात बसली. धानावर औषध मारणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? वर म्हणे, "पाय बाई, आतलं सुदा चमकते." सकाळी गाडी खरंच शहाण्यासारखी उभी राहिली.

दुपारी पाठवणी. उन्हाळा मी म्हणत होता. फुलांची माळ लावलेली गाडी मंडपापुढं चालू ठेवलेली, आणि इकडे रडणं काही आवरेना. पल्लवी गाडीत बसली आणि गाडी खोकली, थरथरली, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. बायका कुजबुजल्या, "नवरी बसली अन् गाडी बंद, हे काही बरं नाही." मनोहरनं बोनेट उघडलं. अंगात कोसा रेशमाचा नवा सदरा, डोक्याला फेटा, आणि सगळ्या वरातीसमोर त्यानं ती नळी तोंडात घेतली. डोळे मिटून ओढत राहिला. तेव्हा आमचे इवाई, म्हणजे पल्लवीचे सासरे, मोठ्यानं म्हणाले, "अरे, आमची सून थांबली हाये अन् मामासाहेब हुक्का पिऊन राहिले!" बँडवाल्यांनी सुद्धा वाद्यं खाली ठेवून हसून घेतलं. मी पदर तोंडाला लावला. मनोहरनं नळी काढली, ओठाला इंजिनचं काळं लागलेलं, आणि स्वतःच दार उघडून पल्लवीला म्हणाला, "जा बेटा, वऱ्हाडाच्या जीपमध्ये बस. ते गाडी चांगली हाये." जीप गेली. आमच्या दारात ती लांबलचक गाडी माळेसकट उभी…

नंतर त्यानं चूक शोधून काढली. नळी उन्हात आणि इंजिनच्या तावात मळलेल्या कणकेसारखी मऊ पडत होती, ओढीनं चपटी होत होती, तोटीवरून सैल होऊन हवा घेत होती. म्हणून गार असताना ठीक, तापली की बंद. खरी जाड रबराची नळी आणली, स्लो बांधला. पण भाऊबीजेला यायचा तो एस.टी.नं. मी म्हणायची, "काहून रे, गाडी तं बरी झाली ना?" तर म्हणे, "गाडी बरी झाली वं बाई. लोकं कुठं बरे झाले?" पल्लवीनं कितीदा म्हटलं, मामा, मला एकदा बसव. "बसवतो ना, बसवतो." नाहीच बसवलं.

त्याच्या तेरवीला इवाई आले. संध्याकाळ व्हायला आली आणि त्यांच्या गावची, लाखांदूरची एस.टी. काही येईना. पल्लवी म्हणाली, "बाबूजी, मामाची गाडी हाये. मी सोडते." ते गोंधळले. "अवं, कायले तरास…" पण बसले, पुढं, काठी मांडीत धरून. मी मागं. रस्त्यात नहराच्या पुलावर धानाची ट्रॉली कलंडली होती. पोती रस्ताभर. मागं-पुढं गाड्या अडकल्या, सगळ्यांनी इंजिनं बंद केली. आमची तेवढी चालू होती. शेतावर बगळे उतरत होते आणि ती गाडी जागेवर, एका तालात, दम न लागता… किती वेळ, मी मोजलं नाही. पल्लवीनं विचारलं, "बाबूजी, बंद करू का? पेट्रोल जळून राहिलं."

इवाई खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "राहू दे, बेटा. चालू राहू दे." मग, काचेलाच सांगितल्यासारखं, "मी तं मजाकीत बोललो होतो."

मला वाटायला हवं होतं, भावाचं नाव राखलं गेलं. तसं नाही वाटलं. तो म्हातारा माणूस लाजेनं चूर झालेला, आणि मी, त्याच किश्श्यावर हसत आलेली, मागं बसून त्याच्यापेक्षा जास्त. ही गोष्ट ज्यानं ऐकायची, तो नव्हता. "जाऊ द्या हो, इवाई," एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

पोती उचलली गेली, आम्ही निघालो. तेव्हा दिसलं, पल्लवीचे गुडघे स्टिअरिंगला घासत होते. मनोहर बुटका, त्यानं सीट अगदी पुढं ओढून घेतलेली, आणि पोरगी बापावर गेलेली, उंच. मी म्हटलं, "सीट मागं घे ना वं."

"नाही घेत," ती म्हणाली, आणि तशीच, गुडघे दुमडून, चालवत राहिली.