आठवीतल्या वास्तुविशारदाची दाढी

शुक्रवारी संध्याकाळी माझी आठवीतली मुलगी शाळेतून आली, दप्तर पाठीवर तसंच ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "सोमवारी मला म्हातारा व्हायचंय."

वर्गात प्रत्येकाने एका थोर व्यक्तीच्या वेशात येऊन त्या व्यक्तीची माहिती सांगायची होती. शास्त्रज्ञ, खेळाडू, अंतराळवीर पुढच्या बाकांवरच संपले. शेवटच्या बाकावर हिच्यासाठी उरला तो एक जगप्रसिद्ध परदेशी वास्तुविशारद. सोबत त्याच्या वापरातल्या वस्तू आणायच्या होत्या.

वस्तू म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या शेणवे गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी राजा झालोय, डॉक्टर झालोय, फौजदार झालोय, एकदा तर अंक संपेपर्यंत मेलेला सासरा झालोय. हातात धरायच्या वस्तूंना आम्ही नाटकवाले प्रॉपर्टी म्हणतो. प्रॉपर्टी चोख असली की निम्मी भूमिका आपोआप होते, असं माझं ठाम मत आहे. मेलेल्या सासऱ्याच्या हातातही मी हट्टाने तपकिरीची डबी ठेवली होती.

पोरगी मात्र खूश नव्हती. गेल्या वर्षी विज्ञानाच्या सादरीकरणात ती दुसऱ्या वाक्यानंतर अडकली होती. ओढणीचं टोक पिळत उभी राहिली ती सरांनी "बस खाली" म्हणेपर्यंत. तेव्हापासून वर्गातली काही पोरं तिला बघितलं की शर्टाचं टोक पिळतात.

"पप्पा, या वेळी पण अडकले ना, तर मी परत कधी वर्गात हातसुद्धा वर करणार नाय," ती म्हणाली. रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. तिने ते अगदी शांतपणे सांगितलं आणि तिथून माझा पाय घरात ठरेना.

शनिवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि मुरबाड गाठलं. तिथे नाटकांना कपडे पुरवणारा एक ओळखीचा ड्रेपरीवाला आहे.

"कुठलं नाटक?" त्याने विचारलं.

"आर्किटेक्टचं."

"ऐतिहासिक का सामाजिक?"

मी जरा विचार करून सामाजिक म्हणालो. त्याने काळा कोट काढला आणि एक पांढरीशुभ्र दाढी. "ऋषीची आहे. टोकावड्याच्या मंडळाकडून कालच आली. जपून वापरा, केस सुटतात."

तिथून उलटा फिरलो तो थेट भातसानगरला. माझे दाजी धरणावर नोकरीला आहेत, त्यांच्याकडून बांधकामावरचं हेल्मेट मिळवायचं होतं. दाजींनी हेल्मेट दिलं, पण भाचीच्या मापाचा अंदाज घेऊन म्हणाले, "ह्यात डोकं घालून ती भाषण करणार का धरणाचं पाणी सोडणार?" येताना शहापूरच्या बाजारातून लांब पट्टी आणि नकाशाचा मोठा कागद घेतला. घरी पोचलो तेव्हा पाठ मोडली होती, पण बसवत नव्हतं. पोत्यातल्या वस्तू मी पुनःपुन्हा मांडत होतो.

रविवारी पडवीत तालीम. कोट गुडघ्यापर्यंत आला. दाढी चढवली.

"मी एक वास्तुविशारद," तिने सुरुवात केली. "माझा जन्म एका गवंड्याच्या घरात झाला." आणि हात दाढीकडे गेला. खाजवू लागली, वाक्य गेलं.

दाढी काढली, हेल्मेट दिलं. ते नाकावर उतरलं. हेल्मेट काढलं, नकाशा दिला. तो तिने इतका घट्ट गुंडाळला की त्याची पिपाणी झाली. पट्टी दिली, तर ती मांडीवर आपटत राहिली. प्रत्येक वेळी जन्म गवंड्याच्याच घरात होत होता आणि माणूस पुढे वाढत नव्हता.

बायको कोपऱ्यात वाल सोलत होती. "तिला बोलायचंय का दुकान मांडायचंय?"

"हातात काही नको का?"

"तुमचे हात मोकळे असतील तर इकडे या. वाल पडलेत."

मी वाल सोलायला बसलो आणि दोन शेंगांनंतर उठलो.

पडवीच्या टोकाला पोरीने पुठ्ठ्याची इमारत वाळत ठेवली होती. त्या वास्तुविशारदाची सगळ्यात गाजलेली इमारत, होडी उलटी घालावी तशा छपराची. बांधताना गावभर लोक त्याला हसले होते म्हणे. पहिल्या वाऱ्याला पडेल, असं म्हणाले होते.

माझी आई शेतावरून आली आणि इमारतीभोवती फिरली. "ह्यो बंगला कोनाचा?"

"आजी, प्रोजेक्ट हाय. कोणी राहत नाय त्यात."

"आसंल. पन नवा हाय ना."

आमच्याकडे जोतं बांधून झालं की बांधकामावर काळी बाहुली टांगतात. शहापूरच्या रस्त्याला अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचं प्लास्टर व्हायचं राहिलं आणि बाहुली उन्हाने पांढरी पडली. दुपारी बघतो तर पुठ्ठ्याच्या छपरावर अंगठ्याएवढी काळ्या चिंधीची बाहुली, लाल दोऱ्याने बांधलेली.

मला हसू आवरेना. पोरगी रडकुंडीला आली. "आजी, काढ गो. पोरं हसतील."

"हसू दे की," आई म्हणाली. "त्याच्यासाठीच तं बांधलीय. बघनाऱ्याची नजर आदी तिच्यावर पडते. तिला बघून झालं का घराला काय व्हत नाय."

आजी चूल पेटवायला गेल्यावर पोरीने बाहुली सोडली. फेकवेना, म्हणून कोटाच्या खिशात टाकली.

सोमवारी शहापूरला शाळेच्या दारातच तिने मला थांबवलं. "कोट घालते फक्त. बाकी सगळं तू ठेव."

"दाढी तरी?"

"दाढी पण तूच ठेव."

मी मागे पालकांच्या बाकावर पोतं मांडीवर घेऊन बसलो. तिचा नंबर येईपर्यंत पोत्यात हात घालून सगळं जागेवर आहे ना ते चाचपत होतो आणि बोटांना चिकटून येणारे दाढीचे केस खाली झटकत होतो. अखेर ती इमारत घेऊन आली, टेबलावर ठेवली.

"मी एक वास्तुविशारद. माझा जन्म एका गवंड्याच्या घरात झाला."

आणि थांबली. तिचे हात कोटावरून खाली गेले, ओढणी शोधत. कोटाला ओढणी कुठून असणार? दुसऱ्या रांगेतल्या एका पोराने शर्टाचं टोक धरलं. मी अर्धा उठलो. पट्टी तिच्यापर्यंत कशी पोचवावी, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात तिचा हात खिशात गेला आणि बाहेर आला तो बाहुली घेऊन. लाल दोरा लोंबत होता.

वर्ग खदखदून हसला. मी डोळे मिटले.

"हसून घ्या," तिचा आवाज आला. "हिला त्याच्यासाठीच आणलंय."

डोळे उघडले तेव्हा ती छपराला बाहुली बांधत होती, अजिबात घाई न करता. सगळे बाहुलीकडे बघत होते, तिच्याकडे कोणीच नाही. गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "नवीन बांधकाम आहे. तुमच्या घरालापण बांधली असणार. झालं बघून? आता मी ही इमारत बांधत होतो तेव्हा लोक मला काय म्हणायचे, ते सांगतो."

आणि तिने सांगितलं. तिसरं वाक्य, चौथं, मग मोजायचं मी विसरलो. मध्ये एक देश चुकला असावा, पण तो तिने इतक्या जोरात चुकवला की बाई मान डोलावत होत्या.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "हसली का पोरं?"

"सगळी," पोरगी म्हणाली.

"मंग झालं."

मंगळवारी मी मुरबाडला सामान परत करायला गेलो. ड्रेपरीवाल्याने दाढी उजेडात धरली. आरपार दिसत होतं. केस कुठे गेले ते मला ठाऊक होतं, शाळेच्या बाकाखाली.

"काय हो हे? भूमिका तरी कसली होती?"

"मागे बसायची," मी म्हणालो.